मधली तीन घरं

माझी आई बहिरी आहे, तिची मैत्रीणही बहिरी आहे, आणि या दोघींइतक्या बडबड्या बायका मी उभ्या जन्मात पाहिलेल्या नाहीत. सकाळी तोंड धुवायच्या आधी यांचं सुरू होतं. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत, बाजूच्या भिंतीला एक खिडकी आहे. ती उघडली की समोर रिकामा प्लॉट, आणि प्लॉटच्या पलीकडच्या घराला तेवढ्याच उंचीवर तशीच एक खिडकी. ती मावशीची. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण नव्हे, पण सख्खी लाजेल अशी. लहानपणी दोघी मूकबधिरांच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. पुढे आई लग्न होऊन या गल्लीत आली. समोरची जागा भाड्याने निघाली आहे म्हटल्यावर मावशीने ना नळ बघितला, ना जिना बघितला. खिडकी बघितली आणि हो म्हणून टाकलं.

मधल्या प्लॉटवर कधीकाळी घरं होती. ती माझ्या जन्माच्या आधीच पाडली, आणि दोन्हीकडच्या उघड्या पडलेल्या भिंतींना लोकांनी आपापल्या सोयीने खिडक्या फोडल्या. कायद्याने त्या खिडक्यांना कवडीचीही किंमत नाही. हे मला कुणी शिकवायला नको, कारण हाच माझा धंदा आहे.

पण आधी यांचं बोलणं कसं चालतं ते सांगते. समोरासमोर बसून खुणांनी बोलताना हात छातीपाशी चालतात, बोटं चालतात. प्लॉटच्या या टोकावरून त्या टोकाची बोटं दिसत नाहीत. म्हणून या दोघी खांद्यापासून बोलतात, कमरेतून वाकून बोलतात. आईला फार हसू आलं की ती खिडकीतून दिसेनाशीच होते, कारण खाली बसून हसते, आणि पलीकडे मावशी ती वर यायची वाट बघत चौकटीवर थापा मारत बसते. दूध उतू गेलं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने केसांचा टोप घेतला, खालच्या बाईला तिसरं होणार, सगळं त्या खिडकीतून जातं. माझं नवऱ्याशी फाटणार हे मावशीला माझ्याही आधी कळलं होतं. दोघींच्या वाटचं बोलणं देवाने माझ्या एकटीच्या तोंडात घातलं, असं मावशी म्हणते. खोटं नाही. माझं तोंड फटकळ आहे, आणि त्याचा मला आजवर फायदाच झालाय.

मी घरं काढते. म्हणजे आर्किटेक्ट आहे. घरच्याच तळमजल्यावर ऑफिस आहे, वर आई आणि मी.

आमची गल्ली जुनी आहे. अरुंद, तिमजली घरं खांद्याला खांदा लावून उभी. उंच, चिंचोळ्या खिडक्या, उतरती छपरं, आणि दर दोन घरांच्या मधे छपरातून पुरुषभर वर निघालेली एक भिंत. पूर्वी कधीतरी मोठी आग लागली होती. एका छपरावरून दुसऱ्यावर अशी सगळी गल्ली जळाली. मग नियम झाला की दोन घरांमधली भिंत छपराच्या वर गेलीच पाहिजे. लोक तिला आगभिंत म्हणतात. काही वर्षांपूर्वी या रिकाम्या प्लॉटवर काचेचा डबा उभा करायचा घाट कुणीतरी घातला होता. मी तेव्हा आकाशपाताळ एक केलं. जुन्या वस्तीची देखरेख करणारी एक समिती आहे, तिच्या लोकांना हाताला धरून गल्लीत आणलं आणि माना वर करायला लावल्या. म्हटलं, बघा, या आगभिंती म्हणजे या गल्लीची ओळख आहे, एकही तुटता कामा नये. त्यांनी ते मानलं. रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत आगभिंत अखंड हवी, असा नियम माझ्याच शब्दांत करून घेतला. सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला टाळ्या ऐकू येत नाहीत, पण ती पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून बघत होती की सगळे वाजवतायत ना.

त्यानंतर प्लॉटचा मालक माझ्याकडेच आला. पोट सुटलेला, हसरा, गोड बोलून काम काढून घेणारा माणूस. खुर्चीत बसत म्हणाला, "बाई, आता तुम्हीच बांधा. म्हणजे निदान तुमची तक्रार तरी येणार नाही."

मी हो म्हटलं. न म्हणून काय केलं असतं? मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी बसलाच असता टेबलाला टेकून. आणि खरं सांगू का, मला ते काम हवं होतं. आपल्याच गल्लीत, आपल्याच घराला लागून, हाताने एक चांगली गोष्ट उभी करायची संधी किती जणांना मिळते? मी तीन घरं काढली. शेजारच्या घरांएवढीच रुंद, छपराची कड त्यांच्याच रेघेत, खिडक्या त्यांच्यासारख्याच उंच. पण नक्कल नाही. नव्या घराने जुनं असल्याचं सोंग आणलं की माझं डोकं फिरतं. चिकटवलेल्या कमानी नाहीत, खोटी नक्षी नाही. भिंतीला साधी वीट आणि वरून चुना, खिडकीला एकच सलग काच, ती भिंतीत हातभर आत बसवलेली, म्हणजे सावली जुन्या खिडक्यांसारखी पडते. आत मधोमध जिना, वर काच, उजेड थेट तळापर्यंत. आणि आगभिंती उघड्या विटेच्या, ताठ. मॉडेल करून टेबलावर ठेवलं तेव्हा मी दोन वेळा उठून दिवा लावून बघितलं. मला माझाच हेवा वाटला.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला ती खिडकी दिसली नाही का? दिसली हो! पहिल्या दिवसापासून दिसत होती. दोन्ही खिडक्या घरांच्या मागच्या भागात आहेत, म्हणून मी तिन्ही नव्या घरांचा वरचा मजला मागच्या बाजूला कापला आणि तिथे गच्ची ठेवली. पुढून गल्ली अखंड, मागून तीन गच्च्या एका ओळीत. आई इकडून, मावशी तिकडून, आणि मधे नुसतं आकाश. मालक कुरकुरला. एवढी जागा फुकट घालवता म्हणाला. मी म्हटलं, फुकट कशाला, गच्चीवर बसून कोवळं ऊन खायला मिळतं म्हणा, लोक उड्या मारत येतील. तो लगेच खूश झाला. त्या दिवशी मी वर जाऊन आईला मॉडेल दाखवलं, गच्च्यांवरून बोट फिरवलं. तिने खिडकीत जाऊन मावशीला सगळं सांगितलं, आणि मावशीने दोन्ही हात डोक्यावर जोडून पैलवानासारखे हलवले.

पण आगभिंतीचं काय?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. आगभिंत छपराच्या वर जाते. गच्ची म्हणजे काही छप्पर नव्हे, असं मी मनाशी धरून चालले होते. आमच्या धंद्यात हे असं होतं. आम्ही गल्ली बघतो ती समोरून, रस्त्यावरून. कागदावर दर्शनी बाजू इतक्या वेळा काढतो की घराला मागची बाजूही असते हे डोक्यातून जातं. अग्निशमनचे साहेब आले तेव्हा त्यांनी मॉडेल मागून फिरवलं. भला माणूस, आवाज चढवणारा नाही. गच्च्यांच्या मधल्या बुटक्या कठड्यांवर पेन टेकवून म्हणाले, "हे चालणार नाही."

"का?"

"रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत अखंड. गच्चीवर लोक लाकडी फर्निचर ठेवतात, शेकोट्या पेटवतात. भिंत वर छपराच्या रेघेपर्यंत न्यावी लागेल. चारही भिंती."

"काच घातली तर? आग न लागणारी काच मिळते."

"भिंत म्हणजे भिंत, मॅडम. हा नियम तुम्हीच करून घेतलात ना?" त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच कौतुक होतं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. आमच्या खिडकीला चिकटून एक भिंत, मावशीच्या खिडकीला चिकटून एक, आणि मधे दोन. मी महिनाभर कागद फाडले. भिंतीला भोक ठेवून बघितलं, भिंत तिरकी करून बघितली, तिन्ही घरं खाली रेटून बघितली. घरं खाली घेतली की छपराची रेघ तुटते, समिती नाही म्हणते. भिंत तोडली की अग्निशमन नाही म्हणतं. मधलं घरच काढून टाकू म्हटलं तर मालकाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी त्याला पाणी विचारलं. कुठूनही जा, वाट त्याच भिंतीशी येऊन थांबायची.

शेवटी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. निवृत्त प्राध्यापक, उन्हातही छत्री घेऊन फिरणारे, मला लेकीसारखं मानणारे. त्यांनी सगळं ऐकलं, छत्रीची मूठ चोळली आणि म्हणाले, "एक वाट आहे. शेजाऱ्याने स्वतः येऊन हरकत घेतली तर नियमाला सूट देता येते. अग्निशमनलाही मग काच मान्य करावी लागेल. पण हरकत शेजाऱ्याची हवी. तुझी चालणार नाही, तू तर बांधणारी."

"शेजारी म्हणजे माझी आई."

"मग तर सोपं आहे," ते म्हणाले.

सोपं! त्यांना माझी आई ठाऊक नाही.

मी घरी येऊन आईला समोर बसवलं आणि सगळं समजावलं. तिने शांतपणे बघितलं. मग हात हलवले. "मी नाही येणार."

"अगं, नुसतं यायचं आणि नको म्हणायचं."

"तुझ्या कामाला मी नको म्हणू? चारचौघांत?"

"खिडकी बंद होईल, आई. कळतंय का? मावशी दिसणार नाही."

"कळतंय. बहिरी आहे, येडी नाही."

मी भडकले. खुणांनी भांडताना आवाज चढवता येत नाही, म्हणून हात आपटतात. माझे हात टेबलावर आपटले, तिचे माझ्या हातांवर. ती म्हणाली, "तू शाळेत जायला लागलीस तेव्हा ही गल्ली काय म्हणायची? बहिरीची पोर, बोलायला तरी शिकेल का. आता याच गल्लीत तू घरं बांधतेस. आणि मीच उभी राहून सांगू, नका बांधू?"

"मला नकोत ती घरं!"

"खोटं बोलू नकोस. दिवा लावून मॉडेल बघत होतीस ना, मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते." मग सावकाश म्हणाली, "आम्ही काय, पिकली पानं. घरं राहतील."

मी मावशीकडे गेले. तिचा जिना म्हणजे शिडीच. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरलेली नाही, आणि आईचा खुबा मोडल्यापासून आईला तो जिना चढता येत नाही. मावशीला म्हटलं, तू हरकत घे, तू शेजारीच आहेस, समितीला मी वर घेऊन येते. मावशीने माझे दोन्ही गाल ओढले, लहानपणी ओढायची तसे. "तुझ्या आईने दम दिलाय. पोरीच्या कामात पाय घालायचा नाही म्हणाली. तिच्याशी भांडण मला परवडत नाही. या वयात दुसरी मैत्रीण कुठून आणू?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडू? एक लेकीसाठी गप्प, दुसरी मैत्रिणीसाठी गप्प, आणि या दोघींच्या प्रेमात माझं मात्र नरडं दाबलं जात होतं.

मधे व्हिडिओ कॉलही करून बघितला. तुमच्या मनात आलंच असेल ते. दोघींना एकेक फोन आणून दिला, स्टँडवर उभा केला. आईने पहिलंच वाक्य बोलायला हात उचलला आणि हात फोनच्या बाहेर गेला. मागे सरकली तर मावशीला ती मुंगीएवढी दिसली. मावशीने फोन हातात धरला, तर बोलायला एकच हात उरला. आणि यातल्या कुणालाही फोनची रिंग ऐकू येत नाही. थरथरतो म्हणून उशीखाली ठेवला तर दिवसभर उशीवर कोण बसून राहणार? शेवटी दोघी फोन हातात घेऊन खिडकीत आल्या आणि हा कसा बिनकामाचा आहे हे एकमेकींना खिडकीतून सांगत बसल्या.

आमच्या समितीची एक रीत आहे. मंजुरीच्या आधी प्लॉटवर बांबू रोवून, दोऱ्या ताणून, नव्या घराच्या मापाचं कापड लावायचं, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्याला डोळ्यांनी दिसतं. नेहमी फक्त पुढच्या बाजूला लावतात. मी हट्टाने आगभिंतींच्या जागीही लावून घेतलं. म्हटलं, बघू दे तिला, डोळ्यांनी बघितलं की येईल ताळ्यावर. चार पांढरी कापडं दोन खिडक्यांच्या मधे एकामागे एक उभी राहिली. वारा सुटला की फुगायची, वर जायची, मधेच क्षणभर मावशी दिसायची. आई खिडकीत बसून राहिली. कापड उडालं की दोघी घाईघाईने हात हलवायच्या, कापड खाली आलं की हात तसेच वर धरून थांबायच्या. मी दारात उभी राहून बघत होते. वाटलं, आता तरी येईल.

आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "चांगलंच उंच आहे की. रस्त्यावरून छान दिसेल."

सुनावणी गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये होती. आई आली, कारण तिला ती घरं लोकांना आवडताना बघायची होती. दोघा गवंड्यांनी तिला खुर्चीसकट खाली उतरवलं. चांगली साडी नेसली होती, केसाला तेल लावलं होतं. अध्यक्षांनी मॉडेल दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी मुद्दाम विचारलं, "लगतच्या शेजाऱ्यांचं काही म्हणणं?" आणि माझ्याकडे बघितलं. खुणा कळणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच होते. आई काय म्हणेल ते मीच बोलायचं होतं.

आईने हात उचलले. "फार सुंदर घरं आहेत. माझी काही हरकत नाही. माझ्या मुलीने बांधलीत."

मी उभी राहिले. खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझी आई म्हणतेय की तिची हरकत आहे. या भिंतींनी तिची खिडकी बंद होईल. त्या खिडकीतून ती रोज आपल्या मैत्रिणीशी बोलते, त्या दोघींना दुसरं कुणी नाही. भिंतीत काच बसवा, असं तिचं म्हणणं आहे."

अध्यक्षांनी पेन उचललं. मला वाटलं, जमलं. एवढं खोटं पचेल मला, हजारदा पचेल.

पण ज्या बाईने माझं बोलणं कधीच ऐकलं नाही, तिने ते आयुष्यभर बघितलं होतं. माझा पहिला शब्द तिने माझ्या ओठांवर बघितला होता. माझे ओठ तिला जितके कळतात तितके खुद्द मला कळत नाहीत. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती लालबुंद झाली होती. तिने खुर्चीच्या हातावर इतक्या जोरात थाप मारली की मागचे लोक दचकले. मग काठी टेकत उठली, लंगडत मॉडेलपाशी गेली. माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून ते आडवं हलवलं. ही खूण कळायला कुणाला शिकावं लागत नाही. आगभिंतींवरून तिने हात फिरवला, अगदी हळू, मोडू नये म्हणून. आणि अध्यक्षांकडे बघून अंगठा वर केला.

आधी कुणीतरी हसलं, मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. लेकीला आईची काळजी, आईला लेकीचं कौतुक, आणखी काय हवं लोकांना? बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "हरकत नाही असंच ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

मी आईकडे बघितलं. ती मागे वळून बघत होती, सगळे टाळ्या वाजवतायत ना.

"नाही," मी म्हटलं. "हरकत नाही."

त्यानंतर काम सुरू झालं आणि ते मीच करून घेतलं. विटेचा थर तिरका गेला तर मीच पाडायला लावायची, विटांमधली दर्ज नीट भरली नाही तर मीच गवंड्याला झापायची. असलं वेडं काम कुणावर येऊ नये. भिंती वर येत गेल्या. आधी आईला मावशी कमरेपासून वर दिसायची, मग खांद्यापासून, मग नुसतं डोकं आणि वर केलेले हात. त्या दिवसांत त्या फार बोलल्या. जेवायचंही सुचायचं नाही. शेवटच्या थराच्या दिवशी मी गवंड्यांना लवकर सुट्टी दिली, दुसऱ्या दिवशीही दिली. मग मालकाचा फोन आला, काम का थांबलंय म्हणून. गोड आवाजात विचारलं त्याने. थर घातला गेला. आईने खिडकी लावून घेतली, चौकट पुसली आणि कणीक मळायला गेली.

घरं छान झाली. लांबून लोक बघायला येतात. जुन्यात नवं कसं मिसळावं ते इथे बघा, असं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. मलासुद्धा ती आवडतात, आणि त्याचा मला राग येतो.

दर आठवड्याला आईला मावशीकडे नेईन असं मी ठरवलं होतं. पहिल्यांदा त्याच दोघा गवंड्यांनी तिला खुर्चीतून तो जिना चढवला. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. इतक्या जवळून त्यांनी एकमेकींना किती वर्षांत बघितलं नव्हतं कोण जाणे. आई एकटक बघत राहिली, मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ही इतकी म्हातारी कधी झाली?" मावशीनेही तेच विचारलं असावं, कारण ती आईच्या हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून बघत होती. मग बोलायला लागल्या. आईने सवयीने हात उचलला, तो दिव्याला लागला. मावशीचा हात कपाला लागून चहा सांडला. हात आखडून घेतले, छातीपाशी आणले, शाळेतल्यासारखे. बरी आहेस ना? बरी आहे. जेवतेस ना? जेवते. आणि मग दोघी हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दोघींना गप्प बसलेलं बघितलं. आई खुर्ची मागे ढकलत ढकलत भिंतीपर्यंत गेली. तरी ते अंतर कमीच पडत होतं.

दुसऱ्या आठवड्यात चल म्हटलं तर आई म्हणाली, गवंड्यांना उगाच त्रास. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, खुबा दुखतोय. मी पुन्हा विचारलं नाही.

परवा मी स्वयंपाकघरात बसले होते. आई पुढच्या खिडकीतून रस्त्यावर काहीतरी बघून आली असावी, कारण डोळे चमकत होते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सांगायला लागली. उजवा हात डोक्यावरून मोठा गोल फिरवला, कमरेवर आणून आपटला, दोन्ही खांद्यांना एकदम थाप, मग कोपर हवेत फिरवला आणि हसायला लागली. खाली बसेपर्यंत हसली.

मला काहीच कळलं नाही.

मी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकले आहे. आईच्या हातांतलं मला कळलं नाही असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, "काय? परत सांग." तिने परत सांगितलं, सावकाश. गोल, कमर, खांदे, कोपर. त्या खुणा शाळेतल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत, त्या दोघींनी, त्या अंतरावरून दिसाव्यात म्हणून आपल्या आपण केलेल्या होत्या, आणि मी कधी खिडकीत त्यांच्या मधे उभी राहिले नव्हते. मी तिच्या पाठीमागून बघायची, अर्धं कळायचं, आणि अर्धं कळतंय हेच मला कळलं नव्हतं.

"साध्या खुणांनी सांग ना," मी म्हटलं.

तिने छातीपाशी हात आणले. दोन बोटं उचलली, विचार करत थांबली, परत खाली घेतली. "तसं नाही सांगता येत," ती म्हणाली. "त्यात मजा नाही."

मी हात पुढे केले. शिकव, म्हटलं. आता शिकव, मला सगळं शिकव, मी शिकते.

आईने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच माझ्या मांडीवर ठेवले. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, भूक लागली का तुला.